उंबरठ्याच्या आतले दप्तर

उत्साही : घरातल्या घरात फाइली सामाईक ठेवण्याची सोय ही मला चैन वाटत नाही, ती कुटुंबाच्या स्मृतीची तरतूद आहे, असे माझे मत आहे आणि ते बऱ्याच विचारान्ती बनलेले आहे. भंगारात जायला निघालेला एक संगणक मी जिन्याखालच्या कपाटात ठेवला, त्यात चार टेराबाइटची नवी हार्ड डिस्क बसवली, लिनक्स आणि फाइली वाटून देणारा सांबा हा प्रोग्राम चढवले, आणि ‘दप्तर’ या नावाचा एक फोल्डर घरातील सर्वांना खुला करून दिला. सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, खरेदीखते, आजोबांची मोडी पत्रे, १९७२च्या दुष्काळी कामांवर वडिलांनी काढलेली छायाचित्रे आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, असे जे काही तीन पेन ड्राइव्ह, दोन मोबाइल आणि पुतण्याचा बंद पडलेला लॅपटॉप यांत विखुरले होते, ते प्रथमच एका जागी आले. या सर्वाच्या पुढे राउटर उभा आहे, राउटरमध्ये फायरवॉल आहे, आणि बाहेरचा कोणीही आपण होऊन आत येऊ शकत नाही. घराला भिंत असावी, दाराला कडी असावी, आणि आत मात्र फडताळे उघडी असावीत, ही आपल्याकडची जुनी रीत मला याही बाबतीत पुरेशी वाटते. घरच्याच माणसांपासून घरचे कागद कुलपात ठेवण्याची भाषा मला रुचत नाही.

संशयी : रीत मलाही प्रिय आहे, पण ज्याला आपण भिंत म्हणता, तिची घडण आपण एकदा जवळून पाहावी, अशी माझी विनंती आहे. घरगुती राउटर मुख्यतः करतो काय, तर घरातील दहा-पंधरा यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे खाजगी पत्ते देतो आणि बाहेर जाताना त्या सर्वांच्या वतीने आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो. ही युक्ती १९९४ साली लेखी मांडली गेली ती इंटरनेटचे पत्ते अपुरे पडू लागले म्हणून. चोर अडवावा, हा तिचा मूळ हेतू नव्हता. संरक्षण घडते ते ओघाने. राउटरजवळ जणू एक जावक नोंदवही असते. आतल्या कोणत्या यंत्राने बाहेर कोणाला पत्र धाडले, ते तो टिपून ठेवतो. बाहेरून आलेल्या लखोट्याची नोंद जुळली तर तो आत पोचवतो, न जुळली तर टाकून देतो. हा कारकून आपल्या कामात प्रामाणिक आहे, परंतु लखोट्यात काय आहे हे तो पाहत नाही, आणि आतून कोण काय मागवतो याचीही तो चौकशी करीत नाही. इतकेच नव्हे, तर बहुतेक राउटरांत यूपीएनपी नावाची एक मुभा असते; तिच्या आधारे घरातला कॅमेरा, खेळाचा खोका किंवा फाइली साठवण्याचे यंत्र आपणहून राउटरला सांगू शकते, की अमुक पोर्ट माझ्यासाठी बाहेरून उघड; आणि राउटर, कोणताही पासवर्ड न विचारता, ते उघडतो. घराच्या मालकाला त्याची खबरही नसते. आणि खुद्द कारकूनच फितूर झाला तर? मे २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतील किमान पाच लाख राउटर आणि साठवण-यंत्रे परक्याच्या हुकमतीखाली गेलेली होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयला, आपापले राउटर बंद करून पुन्हा सुरू करा, असे सामान्य नागरिकांना जाहीरपणे सांगावे लागले होते.

उत्साही : यांतील प्रत्येक आक्षेपाला उपाय आहे, आणि तो अर्ध्या तासात करता येण्याजोगा आहे. यूपीएनपी मी बंद केले. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. राउटरची मांडणी बाहेरून बदलता येण्याची सोय काढून टाकली, त्याचे फर्मवेअर अद्ययावत केले, आणि मोबाइलच्या डेटावरून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर बाहेरून तपास घेऊन एकही पोर्ट उत्तर देत नाही, याची खातरजमा केली. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय दिले. त्यावरून त्यांना इंटरनेट मिळते, ‘दप्तर’ दिसत नाही. आता या भिंतीचे श्रेयही तिला द्यायला हवे. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर या किड्याने सरळ इंटरनेटला जोडलेली विंडोज यंत्रे धडाधड पाडली, आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल मुळातच चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय सुटला आणि दीडशेहून अधिक देशांत पसरला, तो फाइली वाटण्याच्याच यंत्रणेतल्या, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या, एका दोषावर स्वार होऊन. परंतु ज्या घरांचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटच्या बाजूने बंद होते, त्या घरांत त्याला बाहेरून थेट शिरकाव मिळाला नाही. हेतू पत्ते वाचवण्याचा असो वा आणखी काही, जी भिंत पाऊस अडवते तिला मी भिंत म्हणणार.

संशयी : वॉनाक्रायचे आपण सांगितले ते खरे आहे, पण त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी जे घडले, तेही त्याच्या शेजारी ठेवून पाहा. नॉटपेट्या या नावाने ओळखला गेलेला तो हल्ला युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रामच्या अपडेटमधून आला. म्हणजे यंत्रांनी स्वतःच ‘नवी आवृत्ती द्या’ म्हणून मागणी केली, जावक नोंद झाली, उत्तर आले, आणि फायरवॉलने ते रीतसर आत घेतले. आत आल्यावर त्याने तोच एसएमबीचा दोष वापरला, आणि जेथे दोष दुरुस्त झालेला होता तेथे यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून, अधिकृत वापरकर्त्याच्या तोऱ्यात, शेजारच्या यंत्रांत प्रवेश केला. कीव्हमध्ये लागलेली ही आग मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून आपल्या न्हावाशेव्यापर्यंत पोचली आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्या कंपनीच्या भिंती आपल्या राउटरपेक्षा दुबळ्या होत्या, असे कोण म्हणेल? शनिवारवाड्याची तटबंदी आपण पाहिली आहे. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले अणकुचीदार खिळेही पाहिले आहेत. त्या दरवाज्यावर कोणाचा हत्ती कधी धावून आल्याचे ऐकिवात नाही. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो तटाच्या आत, आणि तो करणारे गारदी पेशव्यांच्याच पगारी नोकरीत होते.

इतिहास दूरचा वाटत असेल तर घरचे सांगतो. माझ्या मेहुण्यांकडे आपल्यासारखीच व्यवस्था होती: एक विंडोजचा संगणक, त्यावर एक सामाईक फोल्डर, ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार, आणि घरातील प्रत्येक लॅपटॉपवर तो ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलेला. भाच्याने कोठून तरी एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. रात्री साडेनऊच्या सुमारास मेहुणे वीजबिलाची पावती शोधायला बसले, तेव्हा ‘अर्ज’ या फोल्डरातील प्रत्येक फाइलच्या नावाला एक अपरिचित शेपूट जडलेले होते. मग ‘कर’, ‘जमीन’, ‘पावत्या’. उघडू जावे तर अक्षरेच नाहीत. ‘फोटो’ हा फोल्डर निम्मा बाधित होता. एका लग्नाचा मुहूर्त गेला आणि वरात राहिली, अशी त्याची अवस्था होती. अकारविल्हे चाललेले ते काम तेथे थांबले, कारण भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी संपली. फायरवॉल शेवटपर्यंत चालू होती. तिने काहीही चूक केली नव्हती. सामाईक यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर घरातील एका मान्य वापरकर्त्याने, मान्य यंत्रावरून, मान्य अधिकारात, काही फाइली बदलल्या होत्या.

उत्साही : ही हकिगत ऐकून मन उदास होते, हे मी लपवत नाही. तरी तिच्यातला दोष मी नेमका ठेवू इच्छितो. दोष त्या फुकटच्या प्रोग्रामचा, तो उतरवणाऱ्याच्या गफलतीचा, आणि काही अंशी विंडोजचा. माझ्याकडे लिनक्स आहे आणि सांबा आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास परक्या यंत्राची भाषा तारेवरची वाहतूक न्याहाळून समजून घेतली, सर्वांसाठी खुली केली, आणि शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेला शब्द शोधून तिला नाव दिले. ज्या वस्तूचा उगमच वाटून घेण्याच्या भावनेत आहे, तिच्यावर माझा अधिक विश्वास बसतो.

संशयी : त्या कर्तृत्वाविषयी मला आदरच आहे, पण आदर हा बंदोबस्त होऊ शकत नाही. त्याच २०१७च्या मे महिन्यात सांबातही एक दोष सापडला आणि दुरुस्त झाला. तो २०१०पासूनच्या आवृत्त्यांत होता. त्याचे स्वरूप आपल्या प्रश्नाच्या वर्मावर बोट ठेवणारे आहे: ज्याला सामाईक फोल्डरात लिहिण्याचा अधिकार आहे, त्याने तेथे विशिष्ट प्रकारची फाइल ठेवायची आणि सर्व्हरकरवी तीच चालवून घ्यायची. दोष होता प्रोग्रामचा, पण त्याची किल्ली होती ती लिहिण्याच्या अधिकारात. म्हणून विंडोज की लिनक्स, हा वाद मी बाजूला ठेवतो. आपण मघा म्हणालात, की घरच्या माणसांवर अविश्वास दाखवणे रुचत नाही. भाच्यावर आजही कोणाचा अविश्वास नाही. माणसावर विश्वास ठेवणे आणि त्याच्या यंत्राला कुलमुखत्यारपत्र लिहून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या फोल्डरात त्या एकच झाल्या आहेत. मुलगी वाचते, की मुलीच्या लॅपटॉपवर बसलेला कोणी वाचतो, हे ओळखण्याचे साधन आपल्या सर्व्हरपाशी नाही.

उत्साही : मग पुढची पायरी मला दिसते, आणि तिचेच मला भय वाटते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते, प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड, कोणाला वाचण्याची मुभा, कोणाला लिहिण्याची मनाई. म्हणजे घराची कचेरी झाली. माझी आई ८४ वर्षांची आहे. तिच्या खोलीतल्या टीव्हीवर ती जुनी छायाचित्रे पाहते, आणि पाहता पाहता नावे सांगते: ही सुभद्रामावशी, हा विहिरीवरचा गडी, हे ते बाभळीचे झाड. तो टीव्ही जुना आहे; त्याला एसएमबीची पहिली आवृत्तीच कळते. विंडोजने २०१७च्या अखेरीस ती मुळातून बसवणे सोडले, सांबाने २०१९मध्ये ती पूर्वनियोजित मांडणीतून बंद केली, आणि मला ती टीव्हीसाठी, आणि कागद स्कॅन करून थेट फोल्डरात टाकणाऱ्या जुन्या यंत्रासाठी, पुन्हा उघडावी लागली. सुरक्षिततेचा प्रत्येक नवा नियम प्रथम म्हाताऱ्या माणसांना आणि जुन्या यंत्रांनाच घराबाहेर काढतो. आईपुढे पासवर्डचा चौकोन आला त्या दिवशी ती टीव्ही बंद करून उठेल, आणि तिच्यापाशी असलेली नावे तिच्यापाशीच राहतील. ती हानी कोणत्या हल्ल्याच्या हिशेबात धरणार?

संशयी : ही हानी मी सर्वांत मोठी धरतो. म्हणूनच टीव्हीसाठी सर्व दरवाजे खिळखिळे करू नयेत, असे माझे म्हणणे आहे. आईंना छायाचित्रे पाहायची आहेत, पुसायची नाहीत. तेव्हा ‘फोटो’पुरता एक वेगळा, केवळ वाचता येणारा मार्ग काढा, तो पासवर्डाशिवाय ठेवा, टीव्हीच्या पाठीमागे हल्लीची भाषा जाणणारा एखादा लहानसा खोका लावा, आणि पहिली आवृत्ती कायमची बंद करा. तिच्यात असलेली एक उणीव तर मराठी माणसाला तरी समजावून सांगायला नको. नारायणरावांना ‘धरावे’ या हुकमातील ‘ध’चा ‘मा’ झाला, ही आख्यायिका खरी की खोटी हे इतिहासकारांनी ठरवावे. पण कागद निघाला तसाच पोचला, याची खूण कागदावरच असावी लागते, हा तिच्यातला आशय निर्विवाद आहे. एसएमबीच्या नव्या आवृत्त्यांत प्रत्येक निरोपावर तशी मोहोर अधिक भक्कमपणे उमटवण्याची आणि तिसऱ्या आवृत्तीपासून सबंध वाहतूक गूढलिपीत नेण्याचीही सोय आहे. या सोयी चालू केल्याने आपले घर कचेरी होत नाही. घरातल्या कोणाला त्या दिसतही नाहीत.

उत्साही : मोहोर मला मान्य. केवळ वाचण्याचा मार्गही मान्य. पण लिहिण्याचा अधिकार आवळण्याच्या आधी एका गोष्टीचा विचार करा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घरांघरांतले रुमाल सोडून पाहत होते. १८९८मध्ये त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला, त्यात जे कागद छापले गेले ते तरले. आणि घराण्याची अब्रू किंवा वतनाचा वाद यांच्या भीतीने जे रुमाल बांधलेले राहिले, त्यांतले कितीतरी वाळवीने आणि पावसाने संपवले. आपल्या दप्तरांचा नाश चोरांपेक्षा कुलपांनी अधिक केला आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. चार जणांच्या हाती गेलेली वस्तू टिकते. म्हणून वाटून घेणे हेच मला मूळ संरक्षण वाटते, आणि आपण ज्याला संरक्षण म्हणता ते बहुधा वाटून घेण्यात घातलेला अडथळाच असते.

संशयी : राजवाड्यांचे उदाहरण आपण दिलेत याचा मला आनंद झाला, कारण आपल्या दोघांतील मतभेद जेथे आहे ती जागा त्याने स्पष्ट होते. छापलेल्या खंडाच्या पाचशे प्रती निघाल्या तर पाचशे वेगवेगळ्या वस्तू जन्माला येतात. एकीला वाळवी लागली म्हणून दुसरीला लागत नाही. आपल्या ‘दप्तर’ फोल्डरात पाच माणसे हात घालतात, पण वस्तू एकच असते. पाच यंत्रांच्या पडद्यांवर ती दिसते म्हणून तिच्या पाच प्रती आहेत असा भास होतो, आणि एका यंत्राने ती बिघडवली की पाचही ठिकाणी त्याच क्षणी बिघडते. वाटून घेणे आणि प्रती करणे यांची गल्लत मेहुण्यांच्या घरी झाली होती. त्यांना आयुष्यभर वाटत होते, की आपले कागद ‘सगळ्यांकडे’ आहेत.

तेव्हा राजवाड्यांचा मार्ग खरोखर चालायचा असेल तर असे करावे: सर्व्हरने रोज रात्री फोल्डराची त्या दिवसाची स्थिती स्वतःपाशी गोठवून ठेवावी, जी जोडलेल्या कोणत्याही लॅपटॉपला वाचता येईल पण बदलता येणार नाही, आणि महिन्यातून एकदा सबंध दप्तराची प्रत एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क तारेपासून सोडवून, शक्य तर दुसऱ्या घरी, ठेवून द्यावी. मर्स्कची एक गोष्ट येथे आठवते. कोणता वापरकर्ता कोण आणि त्याला अधिकार कोणता, याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती राखत होते, आणि म्हणूनच सर्व एकदम नष्ट झाले. एक घानामध्ये वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. कंपनीची उभारणी त्या एका डिस्कवरून झाली. भाच्याची बॅटरी संपली आणि घानाची वीज गेली, अशा योगायोगांवर कोणी विसंबू नये. पण त्यांनी जे नकळत केले ते आपण महिन्याला एकदा जाणूनबुजून करू शकतो.

उत्साही : हे मी उद्याच करीन. आता माझी खरी अडचण सांगतो, जी मी आतापर्यंत टाळली. माझी मुलगी नागपूरला वसतिगृहात असते. दप्तरातले सर्वांत मोलाचे काम तीच करते: आजीशी फोनवर बोलत बोलत प्रत्येक छायाचित्राला नाव, गाव आणि साल लावते, मोडी पत्रे लावून त्यांचे बाळबोध वाचन शेजारी लिहिते. तिला घराबाहेरून आत यावे लागते. मी एखादे पोर्ट बाहेरून उघडण्याच्या विचारात होतो, पण असे कळले की आमचा इंटरनेटवाला अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटतो, म्हणून बाहेरून हाक मारली तर ती घरापर्यंत येतच नाही.

संशयी : ती अडचण हे आपले सुदैव समजा. एसएमबीचे पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवणे कोणत्याही सबबीवर क्षम्य नाही. आणि साठवण-यंत्राचे प्रवेशपान उघडे ठेवण्याचे फळ एप्रिल २०२१मध्ये क्यूनॅप कंपनीच्या असंख्य ग्राहकांनी भोगले, ज्यांच्या फाइली क्यूलॉकर नावाच्या टोळीने साध्या सेव्हन-झिपच्या पुडक्यांत पासवर्ड घालून बांधून ठेवल्या आणि सुटकेसाठी ०.०१ बिटकॉइन मागितले. आपण व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच घरापर्यंत जाणारी खाजगी वाट, घ्या. त्यांपैकी वायरगार्ड २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्याचा कोड फार थोडा आहे, आणि ज्याची किल्ली ओळखीची नाही त्याला तो उत्तरच देत नाही; बाहेरच्याला दार दिसत नाही, मग ठोठावणार कशावर? सामाईक पत्त्याची अडचण मध्ये एक भाड्याचा लहान सर्व्हर ठेवून, किंवा तशी जुळणी करून देणारी सेवा घेऊन सुटते. मात्र आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, विसरू नका. भारतात त्याचा प्रसार मोठा आहे. त्यात पत्ते इतके विपुल आहेत की घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि पत्ते लपवल्यामुळे ओघाने मिळणारे ते जुने संरक्षण तेथे नसते. बाहेरून आपणहून येणारे अडवावे, हा नियम राउटरमध्ये त्या बाजूसही लिहिलेला आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते. आपण मघा मोबाइलवरून जो तपास घेतलात, तो बहुधा जुन्याच पत्त्याचा होता.

उत्साही : होय, जुन्याच पत्त्याचा. आज रात्री पुन्हा पाहीन. पण व्हीपीएनने मुलगी आत आली, की तिचा लॅपटॉपही आत आला; आणि तो लॅपटॉप वसतिगृहाच्या वायफायवर, वाचनालयाच्या वायफायवर, मैत्रिणींच्या पेन ड्राइव्हांसकट चोवीस तास वावरतो. आपल्या तर्काने पाहता घरातले सर्वांत धोक्याचे यंत्र तेच ठरते. आणि दप्तरात लिहिण्याची ज्याला खरी गरज आहे असे माणूसही तेच. बाकी आम्ही सर्वजण नुसते पाहणारे.

संशयी : त्यावर एक तोड आहे. ‘आवक’ नावाचा वेगळा फोल्डर करा. तिला लिहिण्याचा अधिकार त्या एकाच फोल्डरात असू द्या; मूळ दप्तर तिला वाचता यावे, बदलता येऊ नये. आठवड्यातून एकदा आपण आवक पाहावी, योग्य ते मूळ दप्तरात दाखल करावे, आणि मूळ दप्तरात लिहिणारे खाते आपल्या रोजच्या वापरातल्या लॅपटॉपवर कधीही जोडू नये. शिवकाळी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन समान दर्जाचे अंमलदार नेमत, ते सर्वच बेइमान असतील म्हणून नव्हे, तर कोणा एकाच्या चुकीने गड जाऊ नये म्हणून.

उत्साही : म्हणजे मी दप्तरदार झालो. आपली तोड सयुक्तिक आहे, आणि तरी ती ऐकताना मला दोन भये वाटतात. एक असे, की आवक तपासायला मला दर आठवड्याला सवड होणार नाही, साठत जाईल, मुलीने लावलेली नावे दाखल होण्याची वाट पाहतील, टीव्हीवर दिसणार नाहीत, आणि आईला चुकीचे नाव दिसले तर ती जे ताबडतोब दुरुस्त करते तेही थांबेल. हे काम त्या दोघींच्या बोलण्यातून चालले आहे. मध्ये मी बसलो की त्याला कार्यालयीन विलंब लागतो, आणि ८४ वर्षांच्या माणसाबाबत विलंबाचा अर्थ काय होतो, तो मी सांगायला नको. दुसरे भय माझ्याविषयीचे. किल्ली एकट्या माझ्यापाशी असेल आणि उद्या मी नसेन, तर त्या कुलपाला चोर आणि वारस यांच्यातला भेद कळणार नाही.

संशयी : दुसऱ्यावर मी इतके सुचवू शकतो, की पासवर्ड, डिस्क कोठे आहे, आणि ती कशी जोडायची, हे शाईने कागदावर लिहून तो लखोटा खरेदीखताच्या मूळ प्रतीबरोबर ठेवावा. कागदाला यंत्रातला किडा लागत नाही. पहिल्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. रोजची गोठवलेली प्रत असल्यामुळे मुलीच्या यंत्राने बिघाड केलाच तर एका दिवसाचे काम जाईल, सगळे जाणार नाही. तेवढा धोका पत्करून तिला थेट लिहू द्यावे, असे म्हणता येईल. पण त्या गोठवलेल्या प्रती ज्या यंत्रावर आहेत त्यातच उद्या नवा दोष निघाला, तर मी हे म्हटले याची मला खंत वाटेल.

उत्साही : सांबाच्या मांडणीची फाइल मी समोर उघडून ठेवली आहे. प्रत्येक नावापुढे एक ओळ आहे. आईपुढे मी ‘केवळ वाचन’ लिहिले, भावापुढे तेच, माझ्यापुढेही तेच. मुलीच्या नावापुढची ओळ रिकामी आहे, आणि रविवारी सकाळी दोघी पुढच्या अल्बमला बसणार आहेत.